कुलाब्याचा चुंबक आणि तुटणाऱ्या बलरेषा

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचे मुद्रित रूप)

2 सप्टेंबर 1859 च्या सकाळी कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेत चुंबकमापकाचे आकडे जागेवर राहीनात. उपकरण तसे साधे होते. चुंबकाची एक दांडी आडवी टांगलेली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जोर कमीजास्त झाला की ती किंचित वळायची, आणि ते वळणे निरीक्षक दुर्बिणीतून बारीक पट्टीवर वाचून वहीत लिहायचा. एरवी तासाला एक नोंद पुरत असे. त्या दिवशी मात्र दर पंधरा मिनिटांनी, काही वेळ तर दर पाच मिनिटांनी नोंदी कराव्या लागल्या. स्थानिक वेळेप्रमाणे अकराच्या सुमारास क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी कोसळला आणि नंतर तितक्याच झपाट्याने बराचसा सावरला. मुंबईतल्या नेहमीच्या आडव्या क्षेत्राच्या मानाने ही घसरण चार टक्क्यांच्या आसपास भरते. ऐकायला हा आकडा लहान वाटेल. पण त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत एवढ्या कमी अक्षांशावर एवढी मोठी घसरण वेधशाळांना पुन्हा सापडलेली नाही.

युरोपातल्या काही वेधशाळांत त्या वेळी फोटोच्या कागदावर आपोआप नोंद घेणारी यंत्रे होती. यंत्रे अद्ययावत, पण वादळ इतके मोठे की प्रकाशाची रेषा कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यात माणूस डोळ्याने वाचत आणि हाताने लिहीत होता, म्हणून नोंद टिकली. अधीक्षक फर्ग्युसन यांनी 1859 ची निरीक्षणे पुढच्याच वर्षी छापून काढली. पुढे 2003 साली अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखीना व एस. अ‍ॅलेक्स यांनी त्या जुन्या नोंदींवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा कुलाब्याचा तो आलेख जगभर पोचला. अंतराळ-हवामानाच्या अभ्यासात आज तो कमाल मर्यादेचा दाखला म्हणून वापरतात. गिरगाव-लालबागच्या माणसाला या शहराच्या गिरण्या, गोद्या आणि ट्रामगाड्या ठाऊक असतात. हा आलेखही त्याच शहराचा आहे आणि त्याच अभिमानाने ठाऊक असायला हवा, असे प्रस्तुत वक्त्याला मनापासून वाटते.

ही वेधशाळा मराठी माणसाला परकी नव्हतीच. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये ती खगोलनिरीक्षण आणि वेळमापनासाठी उभारली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी 1841 मध्ये तिथे चुंबकीय मोजमापे सुरू केली आणि 1846 पासून ती नियमित झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. अलिबागजवळच्या नागाव इथे जन्मलेले, पुढे लोकमान्यांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले केरूनाना छत्रे उमेदीच्या वयात इथेच साहाय्यक होते. रात्रंदिवस न चुकता चुंबकाचे आकडे टिपायचे, हे काम त्या काळातही फारसे कौतुकाचे नसणार. पण आकडा चुकला तर तो मागाहून दुरुस्त करता येत नाही, आणि राहून गेला तर कायमचाच गेला.

आता प्रश्न असा की 1859 मध्ये कुलाब्याचा चुंबक हलवला कोणी?

आदल्या दिवशी, 1 सप्टेंबरला, इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे चित्र काढत असताना डागांच्या एका मोठ्या समूहावर पांढऱ्या प्रकाशाचे दोन प्रखर ठिपके उजळले आणि पाचेक मिनिटांत विझले. रिचर्ड हॉजसन यांनीही तेच दृश्य दुसऱ्या ठिकाणाहून पाहिले, त्यामुळे शंकेला जागा राहिली नाही. सौरज्वालेची ही पहिली नोंद. तिच्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. ध्रुवीय प्रकाश कॅरिबियन बेटांपर्यंत दिसला. अमेरिकेत तर बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून केवळ आकाशाने तारेत भरलेल्या विजेवर संदेश पाठवले.

ज्वालेचा वादळाशी संबंध जोडताना कॅरिंग्टन यांनी स्वतः सावधपणा दाखवला. लॉर्ड केल्विन यांनी तर 1892 मध्ये हिशेब मांडून सांगितले की सूर्य हा एक प्रचंड चुंबक मानला, तरी पंधरा कोटी किलोमीटरवरून पृथ्वीवर एवढी खळबळ उडवणे त्याला शक्य नाही. सौरडाग आणि वादळे यांचा मेळ त्यांनी योगायोगात जमा केला. गणित बरोबर होते. त्यांनी एकच गृहीत धरले होते, की मधली जागा रिकामी आहे. ती रिकामी नाही. सूर्याचे तापलेले वातावरण सतत बाहेर वाहत असते. त्यात अणू फुटून इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेले असतात. अशा विद्युतभारित वायूला प्लाझ्मा म्हणतात आणि या वाहत्या प्रवाहाला सौरवारा. पृथ्वीपाशी तो सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने येतो. विरळ तर इतका, की एका घनसेंटिमीटरमध्ये पाच-दहा कण. तो आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही ओढून आणतो.

ओढून आणतो, कारण प्लाझ्मा विजेचा उत्तम वाहक आहे. स्वीडनचे हॅनेस आल्फवेन यांनी 1940 च्या दशकात दाखवले की अशा वाहकात बलरेषा जणू गोठून बसतात. प्लाझ्मा सरकला की रेषा सरकते, रेषा वाकवली की प्लाझ्मा वाकतो. याचा परिणाम असा, की दोन वेगवेगळ्या ठिकाणचे प्लाझ्मा समोरासमोर आले तरी मिसळत नाहीत. आपापल्या रेषांना धरून ते एकमेकांना रेटत राहतात. सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो तेव्हा पृथ्वीपासून साधारण 60 ते 65 हजार किलोमीटरवर अशीच एक सीमा तयार होते. तिच्या आत आपले चुंबकावरण. गोठलेल्या रेषांचा नियम अपवादाविना पाळला गेला असता, तर सौरवारा त्या सीमेला वळसा घालून निघून गेला असता आणि कुलाब्याच्या वहीत वेगळे काही लिहावे लागले नसते.

अपवाद आहे, आणि तोच आजचा विषय: चुंबकीय पुनर्जोडणी.

समजा, सीमेच्या एका बाजूला बलरेषा उत्तरेकडे रोखलेल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडे. दोन्ही बाजूंचे प्लाझ्मा एकमेकांवर रेटले जात आहेत. मधला पट्टा पातळ होत जातो आणि त्यात विजेचा जोरदार प्रवाह वाहू लागतो. पट्टा पुरेसा पातळ झाला की तेवढ्याच चिंचोळ्या जागेत गोठणे सुटते. कण रेषांशी इमान राखत नाहीत. तिथे बलरेषा तुटतात आणि नव्या जोड्या जुळतात. परळच्या गिरणीत सूत तुटले की कामगार ते त्याच सुताच्या दुसऱ्या टोकाला जोडायचा. इथे शेजारचे दोन धागे एकदम तुटतात आणि पहिल्याचे टोक दुसऱ्याला, दुसऱ्याचे पहिल्याला जुळते. बलरेषा म्हणजे प्रत्यक्ष दोरा नव्हे, क्षेत्राची दिशा दाखवण्याची ती एक रीत आहे, हे लक्षात ठेवून या दाखल्याचा उपयोग करावा. नव्या रेषा जन्मतःच तीव्र वाकलेल्या असतात. त्या सरळ होऊ पाहतात आणि सरळ होताना दोन्ही बाजूंना प्लाझ्मा फेकतात. क्षेत्रात साठलेली ऊर्जा गतीत आणि उष्णतेत उतरते. मधली जागा मोकळी झाली की बाजूच्या नव्या रेषा तिथे ओढल्या जातात आणि काम चालू राहते.

सौरज्वालेच्या मुळाशी असे काही असावे, हा विचार ऑस्ट्रेलियाचे रोनाल्ड जोव्हानेली यांनी 1946-47 मध्ये मांडला. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांनी तो उचलला आणि जेम्स डंगी या आपल्या विद्यार्थ्याला ध्रुवीय प्रकाशाच्या संदर्भात अभ्यासायला दिला. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. डंगी यांच्या हातून या प्रक्रियेचे पहिले नीट गणित झाले.

पण लगेच मोठी अडचण उभी राहिली. पीटर स्वीट यांनी 1956 मध्ये आणि यूजीन पार्कर यांनी 1957 मध्ये हिशेब केला, तर गती फारच मंद निघाली. पट्टा लांबलचक आणि अतिशय पातळ असल्याने प्लाझ्माला बाहेर पडायला वाटच अरुंद. त्या हिशेबाने सौरज्वालेला महिने लागायला हवेत. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत भडकते. हॅरी पेचेक यांनी 1964 मध्ये सुचवले की तुटण्याची जागा लांब पट्टा नसून फुलीसारखी आखूड असेल, तर बाहेरची वाट रुंदावते. कल्पना सुंदर होती, पण निसर्ग फुली उघडी ठेवतो कशी, याचे उत्तर कित्येक वर्षे मिळेना. शतक बदलताना ते गवसले. अगदी लहान अंतरावर जड आयन आणि हलके इलेक्ट्रॉन यांची फारकत होते. आयन आधीच रेषा सोडतात, इलेक्ट्रॉन आणखी आत जाईपर्यंत तिला चिकटून राहतात. हा भेद धरणाऱ्या निरनिराळ्या संगणकीय प्रारूपांनी 2001 मध्ये एकाच प्रश्नाचे जवळपास एकच उत्तर दिले: पुनर्जोडणीचा वेग बाहेर फेकल्या जाणाऱ्या प्लाझ्माच्या वेगाच्या सुमारे एक दशांश असतो.

गणित जुळले, तरी कोणी पाहिले होते? तुटण्याची ही जागा चुंबकावरणाच्या सीमेवर काही किलोमीटर रुंद आणि सतत हलती. यान तिच्यातून क्षणात पार होते. म्हणून नासाने मार्च 2015 मध्ये एमएमएस नावाची चार एकसारखी याने एकत्र सोडली. ती चतुष्फलकाच्या रचनेत, एकमेकांपासून दहाच किलोमीटरपर्यंतच्या अंतराने उडू शकत होती आणि दर 30 मिलिसेकंदांनी इलेक्ट्रॉनांचा पूर्ण हिशेब घेत होती. आधीच्या यानांना त्याला काही सेकंद लागत. 16 ऑक्टोबर 2015 ला सूर्याकडच्या सीमेवर चारही याने नेमकी तुटण्याच्या जागेतून गेली. इलेक्ट्रॉनांचे वेग आलेखावर मांडले तर चंद्रकोर उमटली. काही इलेक्ट्रॉन सीमेच्या या बाजूचे, काही त्या बाजूचे, आणि एकाच ठिकाणी दोन्ही मिसळलेले. ही कोर उमटेल असे संगणकी गणिताने आधीच सांगून ठेवले होते. पन्नास-साठ वर्षे कागदावर वाढलेली कल्पना त्या दिवशी उपकरणांनी प्रत्यक्ष टिपली, आणि विज्ञानावर प्रेम करणाऱ्या कोणालाही या प्रसंगाचा आनंद व्हावा.

आता कुलाब्याकडे परत जाता येईल. 1961 मध्ये डंगी यांनी पृथ्वीचा हिशेब पूर्ण केला. त्याची जुळणी पॅरिसमधल्या एका कॅफेत बसल्या बसल्या सुचली, असे ते पुढे सांगत. पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा सूर्यासमोरच्या सीमेवर उत्तरेकडे असते. सौरवाऱ्याने आणलेले क्षेत्र उत्तरेकडेच रोखलेले असेल तर दार जवळजवळ बंद राहते. ते दक्षिणेकडे वळले की समोरच्या सीमेवर पुनर्जोडणी सुरू होते. पृथ्वीच्या रेषा सूर्याच्या रेषांना जोडल्या जातात, सौरवारा त्यांना ध्रुवांवरून मागे ओढतो, रात्रीच्या बाजूला लांब शेपटी ताणली जाते, आणि तिथे रेषा पुन्हा तुटून जुळतात. त्या झटक्यात प्लाझ्मा पृथ्वीच्या दिशेने फेकला जातो. भारित कण पृथ्वीभोवती काही त्रिज्यांच्या अंतरावर गोल फिरू लागतात. त्यांच्या प्रवाहाचे क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या विरुद्ध असते, म्हणून मुंबईसारख्या कमी अक्षांशावर आडवा घटक घसरतो. म्हणजे वादळ किती मोठे होणार हे सूर्याच्या ज्वालेच्या झगमगाटापेक्षा आलेल्या क्षेत्राच्या दिशेवर जास्त अवलंबून असते.

1859 ची सगळी घसरण या वलयप्रवाहानेच झाली का, यावर अभ्यासक अजून भांडतात. ती फार वेगाने आली आणि फार वेगाने सावरली. ध्रुवीय पट्ट्यातले प्रवाह त्या दिवशी एरवीपेक्षा पुष्कळ दक्षिणेला उतरले असतील, असे काहींचे म्हणणे आहे. हा वाद होऊ शकतो तो पाच-पाच मिनिटांच्या नोंदी आहेत म्हणून. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळाचीही नोंद कुलाब्यात आहे. त्या रात्री खुद्द मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची आणि समुद्री तारांच्या कामात व्यत्यय आल्याची बातमी टाइम्स ऑफ इंडियाने दिली होती.

कुलाब्याच्या नोंदींचा हा संग्रह विजेने जवळजवळ संपवला होता. शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांतून परततो, काही जमिनीत पाझरतो, आणि त्याचे क्षेत्र नाजूक चुंबकमापकाला बधिर करून टाकते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला जागा निवडली. इमारतीला पोरबंदरचा दगड आणला, तोही चुंबकीय गुण तपासून. खरा शहाणपणा पुढे आहे. 1904 मध्ये अलिबाग सुरू झाल्यावर कुलाबा लगेच बंद केले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालल्या आणि दोन ठिकाणांतला फरक काढून ठेवला. 1906 मध्ये कुलाब्याची चुंबकीय मोजमापे थांबली, 7 मे 1907 ला मुंबईत विजेची ट्राम धावली, आणि 1846 पासूनची मालिका मात्र अखंड राहिली. मूस यांनी 1910 मध्ये 1846 ते 1905 ची निरीक्षणे दोन खंडांत छापली. ट्राम 31 मार्च 1964 ला दादरपर्यंत शेवटची फेरी करून बंद झाली. अलिबागचे चुंबकमापक चालूच आहे. ही परंपरा सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था 1971 मध्ये स्वायत्त झाली, आज तिचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे.

पुनर्जोडणीचा आणखी एक पुरावा कुलाब्याच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडून आला, जरी उपकरण उटीला आहे. तिथली ग्रेप्स-3 ही म्युऑन दुर्बीण अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांपासून वातावरणात तयार होणारे म्युऑन कण मोजते. 22 जून 2015 ला सूर्याकडून आलेला प्लाझ्माचा प्रचंड मेघ पृथ्वीवर आदळला आणि दुर्बिणीला सुमारे दोन तास किरणांचा जादा ओघ मिळाला. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये त्याचा अर्थ लावला, की पुनर्जोडणीमुळे पृथ्वीचे चुंबकीय कवच तेवढा वेळ कमकुवत झाले आणि एरवी बाहेर वळवले जाणारे कण आत शिरले. चुंबकमापक कवचाची हालचाल आतून मोजतो, ही दुर्बीण त्या कवचातली गळती मोजते.

मग अशा वादळाची सूचना किती आधी मिळेल? क्षेत्राची दिशा सूर्यावरून नक्की सांगता येत नाही. ती कळते पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या एल-1 बिंदूपाशी. नेहमीच्या वेगाचा सौरवारा तिथून इथे यायला तासभर घेतो. 1859 चा मेघ सेकंदाला सरासरी 2,400 किलोमीटरच्या आसपास धावला होता. तसाच परत आला तर हाती दहा-अकरा मिनिटे उरतील. 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्वेबेकची वीजजाळी वादळाने काही क्षणांत कोलमडली आणि साठ लाख माणसे सुमारे नऊ तास अंधारात राहिली. ते वादळ 1859 च्या मानाने पुष्कळ सौम्य होते. वीजपुरवठा, उपग्रह आणि विमानांचे दळणवळण सांभाळणाऱ्यांनी दहा-अकरा मिनिटांचा हा आकडा गांभीर्याने घ्यावा.

भारताचे आदित्य-एल1 हे यान 2 सप्टेंबर 2023 ला श्रीहरिकोट्याहून निघाले आणि 6 जानेवारी 2024 ला या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचले. बाळशास्त्रींचे ‘दर्पण’ हे पत्रही 6 जानेवारीलाच निघाले होते. वेधशाळेत काम केलेल्या संपादकाच्या स्मरणार्थ हा योग नोंदवून ठेवायला हरकत नाही. यानावरचे चुंबकमापक सहा मीटर लांब दांडीवर बसवले आहे, यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वापासून ते दूर राहावे म्हणून. यानावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेने बनवली आहे, आणि ती सूर्याच्या पृष्ठभागाच्या वरचे थर अतिनील किरणांत पाहते, म्हणजे ज्वाला जिथे भडकतात तो भाग.

मे 2024 च्या वादळात लडाखमधल्या हानले इथून आकाश तांबडे दिसले. आदित्यच्या आणि अमेरिकेच्या सहा यानांच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये जे सांगितले ते अनपेक्षित होते. वाटेत दोन सौरमेघ एकमेकांवर आदळले होते. त्या टकरीत मेघाच्या आतच बलरेषा तुटून जुळत होत्या, आणि तो प्रदेश सुमारे 13 लाख किलोमीटर पसरला होता, पृथ्वीच्या व्यासाच्या शंभरपट. यापूर्वीची प्रारूपे मेघाला एकसंध मानून पृथ्वीशी होणारी गाठ मोजत होती. वाटेतच रेषा नव्याने जुळत असतील, तर एल-1 पाशी मोजलेली दिशा सूर्यापाशी होती तीच असेल असे गृहीत धरता येत नाही. ही दिशा वाटेत कशी बदलते, हे शोधण्याचे काम आदित्यच्या माहितीवर आता चालू आहे.